‘मशिदीत मिळाले’ : बडोद्याच्या एका देवघरातल्या पोथीचे प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात रावपुऱ्याच्या आसपासच्या एका पोळीत, म्हणजे जुन्या दाट गल्लीत, हे मराठा कुटुंब चार पिढ्यांपासून राहते. मूळचे ते सातारा जिल्ह्यातले. गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतकी परत आली नाहीत, एवढेच ती सांगते. पाटीवर नावे नाहीत, नुसते आकडे आहेत. परत आलेल्यांच्या आकड्यात या घरचे पणजोबा आहेत.

ते मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले. घरात त्याला अजून ‘बसऱ्याची लढाई’ म्हणतात. युद्ध संपल्यावर पलटण सुटली आणि ते बडोदे संस्थानच्या नोकरीत लागले. पोळीतले घर तेव्हाचे. माणसांची नावे, पलटणीचा नंबर आणि पोळीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही घरच्यांना विचारून बदलले आहेत.

दर खंडेनवमीला या घरात देवघराखालच्या कपाटातून तीन वस्तू बाहेर निघत: एक संगीन, एक पदक आणि लाल फडक्यात बांधलेली एक पोथी. पाटावर तिन्ही मांडायच्या, हळदकुंकू वाहायचे, झेंडू ठेवायचा, नैवेद्य दाखवायचा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधून ठेवायचे. संगीन पणजोबांची, पदक पणजोबांचे आणि पोथी ‘बगदादची’. ती उघडायची नाही, असा दंडक होता. कुणी घातला होता ते कुणालाच सांगता येत नव्हते. पोथी मुसलमानांची आहे हे आजींना, म्हणजे पणजोबांच्या धाकट्या सुनेला, माहीत होते. पण ‘देवाचं ते देवाचं’ या एका वाक्यावर त्यांनी ती साठ वर्षे सांभाळली होती.

अडचण

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात घरच्या धाकट्या सूनबाईंनी फडके बदलायला काढले. जुने फडके विरले होते. आत कातडी बांधणीचे एक पातळसर पुस्तक निघाले आणि त्यात घडी घातलेला एक कागद. तिने पाटावरच्या तिन्ही वस्तूंचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संगीन, पदक आणि कुंकवाने माखलेले अरबी पुस्तक, तिन्ही एका चौकटीत.

पुढच्या अर्ध्या तासात जे झाले त्यामुळेच हे प्रकरण माझ्याकडे आले. पुण्याच्या एका दिरांनी लिहिले, ‘हे तर कुराण आहे.’ कुणी लिहिले, ‘घरात कशाला ठेवलंत इतकी वर्षं?’ कुणी लिहिले, ‘उलट अभिमानाने दाखवा, आपल्या पणजोबांनी बगदाद घेतलं.’ एकाने तो फोटो दुसऱ्या ग्रुपवर पाठवायची तयारी केली. दरम्यान घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने चांगल्या मनानेच ओले फडके घेऊन कव्हरवरचे कुंकू पुसायला घेतले.

जुनी हस्तलिखिते जपणे हा माझा पेशा आणि सूनबाई एके काळी माझी विद्यार्थिनी होती. रात्री दहाला तिचा फोन आला. ‘बाई, मी काहीतरी भलतंच उघडलंय. काय करू?’

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. फोटो सगळ्यांकडून काढून घे. ओले फडके बाजूला ठेव. पुस्तक बंद कर, पण फडक्यात आवळून बांधू नकोस. फोटो खरोखर बाहेर गेला नाही, हे केवळ आजींमुळे झाले. त्यांनी मोठ्या मुलाचा फोन स्वतःच्या हातात घेऊन पुण्याच्या नातवाला सांगितले, ‘माझ्या देवघरातला फोटो माझ्या परवानगीशिवाय गावभर करायचा नाही.’ आपल्या शहरात अशा एका फोटोचे काय होऊ शकते ते मी वेगळे सांगायला नको. तो पाहून एका बाजूचे लोक दुखावले असते आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्याचा झेंडा केला असता. पुस्तकाचा विचार कुणीच केला नसता.

जवळून पाहिले तेव्हा

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. पुस्तक तळहातापेक्षा थोडे मोठे होते. कव्हर तपकिरी कातड्याचे, मधोमध बदामी आकाराचा दाबून उठवलेला ठसा आणि डाव्या बाजूला पाकिटासारखी आत वळणारी कातडी झडप, जशी अरबी-फारसी बांधणीत असते. कागद जाड, घोटून गुळगुळीत केलेला. शाई काळीभोर. जिथे फडके फिरले होते तिथे कुंकू निघाले नव्हतेच, उलट कातड्यात लालसर ढग पसरला होता. पहिल्या पानावर कव्हरमधून झिरपलेल्या तेलाचा आणि कुंकवाचा रुपयाएवढा डाग होता. त्या डागाखाली गोल शिक्का होता. शिक्क्याची कड तेवढी दिसत होती, आतले एक अक्षर लागत नव्हते.

घडी घातलेला कागद मोडीत होता. मोडी मला वाचता येते. बोरूने लिहिलेल्या दोन ओळी होत्या:

‘हे पुस्तक बगदाद मुकामी मशिदीत मिळाले. पवित्र आहे. पाय लागू देऊ नये.’

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. लिहिणाऱ्याला पुस्तक पवित्र आहे हे पुरते कळत होते. ते मशिदीतले आहे हेही कळत होते. आणि तरीही क्रियापद आहे ‘मिळाले’. आपल्या भाषेत ‘मिळाले’ म्हटले की देणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही, वस्तू आपोआप हातात येते. नोकरी मिळते, बस मिळते, तसेच पुस्तकही मिळाले.

कसे मिळाले असेल? ११ मार्च १९१७ ला ब्रिटिश जनरल मॉड यांची फौज बगदादमध्ये शिरली. तुर्की सैन्य निघून गेल्यानंतर आणि ब्रिटिश फौज येण्याआधीच्या काही तासांत शहरातले बाजार लुटले गेले होते. तेव्हा पणजोबांनी स्वतः ते मशिदीतून उचलले असेल किंवा कुणा लुटारूकडून दोन पैशांना घेतले असेल. एखाद्याने खरोखर हातात ठेवलेही असेल. चौथी शक्यता, म्हणजे ‘अरबाने बक्षीस दिलं’ ही घरातली गोष्ट, मी खोडून काढली नाही. पण कागदावर बक्षिसाचा शब्द नाही, हे घरच्यांना दाखवले.

शिपायाला काय सांगितले होते?

घरातले मोठे भाऊ म्हणाले, ‘बाई, त्या काळी कुठे होते असले नियम?’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी त्याचे उत्तर नीट शोधून दिले. ते इथेही देते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

नियम होते. युद्धाच्या रीतींबद्दलच्या १९०७ च्या हेग नियमावलीत, व्यापलेल्या मुलखातल्या लोकांच्या धर्मश्रद्धेचा आणि उपासनेचा मान राखावा असे कलम ४६ सांगते. ४७ व्या कलमाने लूट मना केली आहे. ५६ व्या कलमाने धर्मसंस्थांची मालमत्ता खासगी मालमत्तेप्रमाणे धरायला सांगितले आहे आणि तिची जप्ती मना केली आहे. ब्रिटनने ती नियमावली मान्य केली होती. त्याहून जवळचे म्हणजे, नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध जुंपताच हिंदुस्थान सरकारने जाहीरनामा काढला होता: अरबस्तानातली आणि मेसोपोटेमियातली पवित्र स्थळे आणि जेद्दा बंदर यांना, हिंदुस्थानच्या यात्रेकरूंना अडथळा होत नाही तोवर, ब्रिटिश फौजा हात लावणार नाहीत. बगदाद घेतल्यावर आठ दिवसांनी मॉड यांच्या नावाने शहरात दुसरा जाहीरनामा लागला. आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असे त्यात म्हटले होते.

हेच सरकार आपल्या शिपायांच्या धर्माबाबत किती दक्ष होते ते पाहा. १८५७ च्या काडतुसांची आठवण ताजी होती. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ काढले, तेव्हा तिथे नऊ स्वयंपाकघरे होती आणि हिंदू-मुसलमानांचे पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते. मेसोपोटेमियातल्या कुत गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, अन्न संपत आले तेव्हा हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला. त्यांनी ते खावे म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली गेली. त्या वेढ्यात मराठा शिपाईही होते. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पवित्र स्थळांच्या मुलखात स्वधर्मीयांवर चाल करायला नकार दिला आणि शिक्षा भोगली.

म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्याच्या बंडाची भीती होती त्याच्या ताटात काय पडते इथवर फौजेचे लक्ष होते. ज्याचा देश व्यापला होता त्याच्या वाट्याला भिंतीवरचा छापील कागद आला. सातारच्या खेड्यातून आलेल्या पंचविशीतल्या शिपायाला तो कागद कुणी वाचून दाखवला असेल असे मला वाटत नाही. जे पवित्र दिसले त्याला पाय लावायचा नाही, एवढा संस्कार तो घरून घेऊन गेला होता आणि तेवढाच त्याने पाळला. पवित्र वस्तूला घर असते, तिची वाट पाहणारी माणसे असतात, हे त्या संस्कारात नव्हते.

‘आपली माणसं मुळात असलं करत नाहीत,’ हे वाक्यही बैठकीत आले. तेव्हा मला शृंगेरीची आठवण द्यावी लागली. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि शारदेची मूर्ती जागेवरून हलली. मठ पुन्हा उभा करायला पैसे टिपू सुलतानाने पाठवले. ती पत्रे १९१६ मध्ये मठातच सापडली. लुटणारे देवीला मानणारे होते आणि मठही देवीचाच होता. परमुलखात फौज शिरली की घरचा धर्मही आपोआप आठवत नाही. तो कुणीतरी आठवून द्यावा लागतो.

मुलाने विचारले, ‘पण हल्ली तर सैन्यात हे शिकवतात ना?’ शिकवतात. ३ एप्रिल २००३ ला इराकमधल्या नजफमध्ये अमेरिकन तुकडी इमाम अलींच्या दर्ग्याकडे येते आहे असे वाटून जमाव भडकला. तेव्हा लेफ्टनंट कर्नल ख्रिस ह्यूज यांनी शिपायांना एक गुडघा जमिनीला टेकायला, बंदुकांची तोंडे खाली करायला आणि हसायला सांगितले. मग तुकडी पाठमोरी न होता मागे फिरली. एका माणसाला दर्गा म्हणजे काय ते कळत होते, म्हणून रक्त सांडले नाही. पण त्याच युद्धात बॅबिलोनच्या अवशेषांवर लष्करी तळ पडला आणि तिथल्या खापरांनी भरलेल्या मातीने वाळूच्या गोण्या भरल्या गेल्या. समाराच्या नवव्या शतकातल्या मशिदीचा ५२ मीटर उंच गोल मिनार नेमबाजांची चौकी झाला आणि एप्रिल २००५ मध्ये त्याचा माथा स्फोटात उडाला. २००८ मध्ये बगदादजवळ एका शिपायाने कुराणावर नेमबाजीचा सराव केला आणि जनरलला टोळीप्रमुखांपुढे जाऊन माफी मागावी लागली.

या सगळ्यांत मला आमच्या प्रकरणाच्या सर्वांत जवळची वाटते ती फेब्रुवारी २०१२ ची बगरामची घटना. अफगाणिस्तानातल्या त्या तळावर कैद्यांच्या वाचनालयातली पुस्तके, त्यांतून चोरटे निरोप जातात या संशयावरून, काढून घेतली गेली आणि कचऱ्याबरोबर जाळायला नेली गेली. त्यांत कुराणाच्या प्रती होत्या. अफगाण कामगारांनी ते पाहून आरडाओरडा केला. पुढच्या दंगलीत किमान तीस माणसे मेली. तिथे पुस्तके चाळायला वाचता येणारे दुभाषे होते, तरीही कितीतरी हातांतून जात ती जाळायच्या जागेपर्यंत पोचली. आमच्या घरी तर शंभर वर्षे वाचता येणाऱ्या कुणाला विचारलेही नव्हते.

कोणते मार्ग समोर होते

आजींचे म्हणणे सरळ होते: आहे तिथे राहू द्या, पूजा चालू राहू द्या. मोठ्या भावांना चाणोदला नेऊन नर्मदेत सोडायचे होते, जीर्ण पोथी आपण जशी पाण्यात सोडतो तशी. पुण्याच्या दिरांनी मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा नंबर पाठवला. त्यावर कुणी दोन मिनिटेही घालवली नाहीत, याचा मला आनंद आहे. सूनबाईला जवळच्या मशिदीत नेऊन द्यायचे होते. मला, माझ्या पेशामुळे, हस्तलिखितांच्या एखाद्या संस्थेत जावे असे वाटत होते. आणि मुलगा म्हणाला, ‘इराकला परत पाठवू. कुरियरने.’

हा शेवटचा मार्ग सर्वांत सरळ वाटतो आणि तोच सर्वांत अवघड निघाला. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांहून जुने असेल तर ती पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ते फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. बगदादहून बडोद्याला येताना या पुस्तकाला कुणी अडवले नाही. परत जाताना मात्र ते चांगल्या हेतूने कुरियरमध्ये टाकणाराच गुन्हेगार ठरला असता.

काय केले

पहिले पंधरा दिवस मी तांत्रिक काम केले: मापे, फोटो, कागदाची आणि शाईची तपासणी. मग सूनबाईच्या आग्रहाने पाणीगेटकडचे एक निवृत्त अरबी-फारसीचे शिक्षक घरी आले. सगळे त्यांना मौलवीसाहेब म्हणतात. आल्यावर त्यांनी आधी हातपाय धुवायला पाणी मागितले. मग पुस्तक ठेवायला रेहल आहे का, असे विचारले. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. आजी उठल्या आणि गुरुचरित्राच्या पारायणाला लागतो तो लाकडी घडीचा स्टँड घेऊन आल्या. मौलवीसाहेबांनी तो उघडून पाहिला, हसून मान डोलावली आणि पुस्तक त्यावर ठेवले.

दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितले ते मला पंधरा दिवसांत कळले नव्हते. हे अख्खे कुराण नव्हते. कुराणाचे तीस भाग करून तीस वेगवेगळी पुस्तके बांधतात आणि मशिदीत एका पेटीत ठेवतात, म्हणजे तीस जण एकदम वाचायला बसू शकतात. त्यांतला हा सतरावा भाग, अंबिया आणि हज या दोन सूऱ्यांचा. म्हणजे कुठेतरी एकोणतीस पुस्तकांची पेटी आहे, किंवा होती.

मग त्यांनी शेवटच्या पानावरची, मी नक्षी समजून सोडून दिलेली ओळ वाचली. वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमचे वाहिलेले. आणि पुढे ठरीव शब्द: विकू नये, दान देऊ नये, वारसाहक्काने घेऊ नये.

‘वारसाहक्काने’ हा शब्द ऐकून मोठे भाऊ एकदम सरळ बसले. या घरात ते पुस्तक चार पिढ्या वारसाहक्कानेच आले होते. आजींनी विचारले, ‘म्हणजे देवस्थान इनामासारखं?’ गावी त्यांच्या माहेरची काही जमीन देवस्थान इनाम होती. कसणारा वहिवाटदार असतो, मालक देव असतो आणि जमीन विकता येत नाही. मौलवीसाहेब म्हणाले, ‘बिलकुल वही। उसको हम मुतवल्ली बोलते हैं।’ त्या एका तुलनेने जे काम झाले ते माझ्या हेगच्या कलमांनी झाले नव्हते.

मग आजींनी त्यांना जे विचारले ते विचारायला धीर लागतो. ‘आम्ही इतकी वर्षं कुंकू लावलं. चुकलं का आमचं?’ मौलवीसाहेब थोडा वेळ थांबले. ‘माँजी, लगाना नहीं चाहिए था। मगर आपने पाँव नहीं लगने दिया, वो भी लिखा जाएगा। अब पोंछिए मत।’ उत्तर गोड करून दिलेले नव्हते, म्हणून ते आजींनी मानले. नर्मदेचा विचारही तिथेच संपला. जीर्ण प्रत ‘ठंडी’ करण्याची, म्हणजे पाण्यात सोडण्याची किंवा पुरण्याची, रीत त्यांच्यातही आहे. पण ज्याचा मालक सापडू शकतो ते पुस्तक ठंडे करायचे नसते, असे ते म्हणाले.

कुंकवाचा निर्णय माझ्याकडे होता. कुंकू हळद आणि चुन्याचे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे धुणे धुणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिले आहे. पुस्तकाची शाई काजळीची आणि डिंकाची, तिला पाणी लागले तर ती उठते. म्हणजे डाग काढायला गेले की अक्षर जाणार. मी डाग काढला नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने सुटी पूड तेवढी झाडली आणि ती पूडही कागदाच्या पुडीत जपून ठेवली. शिक्का वाचायला अवरक्त प्रकाशातले फोटो काढून घेतले. त्या प्रकाशात हळदकुंकू जवळपास पारदर्शक होते आणि काजळी काळीच राहते. शिक्क्यातला हिजरी सन १२०३ लागला, म्हणजे १७८८-८९. ‘खिजाना’ हा ग्रंथभांडाराचा शब्द लागला. गावाचे किंवा मशिदीचे नाव जिथे असायला हवे तिथे कागदच तेलाने खाल्ला होता. पूजेच्या बोटाने दर वर्षी नेमके तिथेच टेकले होते. पुस्तकाचा पत्ता आमच्या भक्तीने पुसला, हे मला आजींना सांगावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून देवघरातली निरांजन सारखी करून आल्या.

संस्थेत ठेवताना

पुस्तक घरात सुरक्षित नव्हते आणि इराकला पाठवता येत नव्हते. म्हणून तोवर एका हस्तलिखित संस्थेत ठेवायचे ठरले. संस्थेने छापील दानपत्र पुढे केले. पहिलाच रकाना होता, ‘मालकाचे नाव’. मोठे भाऊ पेन घेऊन बसले आणि थांबले. दान देऊ नये असे ज्या पुस्तकात लिहिले आहे त्याचे दानपत्र करायचे कसे, आणि करणारे आपण कोण?

इथे प्रकरण तीन महिने अडले. संस्थेचेही चूक म्हणता येणार नाही. मालक नसलेली वस्तू घेतली तर उद्या हिशेब कुणाला द्यायचा, असा त्यांचा प्रश्न होता. शेवटी ठेवपावतीचा वेगळा मसुदा झाला. ‘मालक’ खोडून ‘सांभाळणारे’ लिहिले. मालकाच्या जागी लिहिले, ‘वक्फ. मूळ संस्था अद्याप ज्ञात नाही.’ मूळ संस्था किंवा इराक सरकार सरकारी मार्गाने मागेल तेव्हा पुस्तक द्यायचे आणि त्याला कुटुंबाची हरकत नाही, असे कलम घातले. पुस्तकावर दुसरे काही ठेवायचे नाही आणि ते जमिनीलगतच्या फळीवर ठेवायचे नाही, ही मौलवीसाहेबांची अटही पावतीत आहे. दिल्लीतल्या इराकच्या दूतावासाला फोटोंसह पत्र गेले. पोच आली आहे, पुढचे उत्तर आलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझी होती. मौलवीसाहेबांना मी पहिल्या दिवशी बोलवायला हवे होते. आधी वस्तू समजून घ्यावी आणि मग माणसांना विचारावे, हा आमच्या पेशातला क्रम मी सवयीने पाळला. त्या पंधरा दिवसांत मी उघड्या पानावर मापपट्टी ठेवून फोटो काढले आणि पान दबावे म्हणून शिशाची वजने ठेवली. ते फोटो पाहताना मौलवीसाहेबांनी फक्त डोळे खाली केले. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाबद्दल मी जे लिहिते आहे तेच मी माझ्या टेबलावर केले होते. वस्तू माझ्या हातात होती, मला तिचा आदर होता, आणि विचारायचे राहिले.

घरच्यांनी फोटो टाकण्याआधी आजींना विचारायला हवे होते. मुलाला मी अजिबात दोष देत नाही. ओले फडके हा चांगल्या मनाच्या माणसाचा पहिला हात असतो. पण जुन्या कागदाला पाणी लावायचे नाही एवढे तरी आपल्याकडे शाळेत सांगितले जावे. पोथ्या घरोघरी आहेत.

एक निर्णय मात्र पुन्हा वेळ आली तरी मी तसाच घेईन: वर्तमानपत्राला कळवायचे नाही. एका वार्ताहराने विचारले होते. ‘मराठी कुटुंबाचा मोठेपणा’ अशी बातमी झाली असती आणि मग पुस्तक परत करणे हे घरच्यांचे कौतुक झाले असते, कर्तव्य राहिले नसते. मोठ्या भावांना आधी ते पटले नव्हते. ठेवपावतीवर ‘सांभाळणारे’ लिहिल्यानंतर पटले.

मोडी कागदाबद्दल शेवटपर्यंत वाद झाला. मुलाचे म्हणणे होते की पुस्तकाच्या नोंदीत ‘मिळाले’ लिहूच नये, ‘घेतले’ लिहावे. आजींचे म्हणणे होते की मेलेल्या माणसाच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही. मी आजींच्या बाजूने होते, पण मुलाचा मुद्दाही टाकून देण्यासारखा नव्हता. शेवटी मूळ कागद पुस्तकाबरोबरच संस्थेत राहिला आणि घरी त्याची फोटोप्रत आली. नोंदवहीत दोन्ही मोडी ओळी जशाच्या तशा उतरवल्या. त्यांच्याखाली मुलाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: ‘कोणी दिले याची नोंद नाही.’

या खंडेनवमीला पाटावर संगीन आणि पदक दोनच होती. आजींनी लाल फडके धुऊन, घडी घालून कपाटात ठेवले आहे. दूतावासाला दुसरे पत्र गेल्या महिन्यात गेले. त्यात या वेळी अवरक्त प्रकाशातले शिक्क्याचे फोटो जोडले आहेत आणि सतराव्या भागाचे पहिले व शेवटचे पान आहे, म्हणजे तिकडे कुणाकडे बाकीची पेटी असेल तर अक्षर जुळवून पाहता येईल.